आवाजाच्या दोन प्रती

आईचा कार्यक्रम टीव्हीवर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला लागणार होता, म्हणून शेरेसाहेबांनी सोमवारी घरातला टीव्ही काढून टाकला.

हे वाचून ज्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असेल, त्यांनी आयुष्यात कधी सरकारी कार्यालयात नवी खुर्ची मागितलेली नाही. तिथला नियम असा, की जुनी खुर्ची निर्लेखित झाल्याशिवाय, म्हणजे 'ही वस्तू आता संपली' असं तीन सह्यांनिशी जाहीर झाल्याशिवाय, नवी मंजूर होत नाही. मधल्या काळात माणूस उभ्याने काम करतो. शेरेसाहेब स्वतः एकदा सात महिने उभे होते. तेव्हाचं त्यांचं अक्षर आजही फायलींमध्ये ओळखू येतं. थोडं वरून आल्यासारखं वाटतं.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. दिसेल त्या कागदावर शेरा मारायची त्यांना सवय. बायकोने लिहिलेली सामानाची यादीसुद्धा दुकानात जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायची आणि 'पाहिले. साबण दोनदा आला आहे, खुलासा व्हावा' असं लिहून परत यायची. कार्यालयात त्यांच्याकडे जडवस्तूंची नोंदवही होती. कपाट, टेबल, पंखा, घंटा, जे जे म्हणून हलत नाही किंवा हलू नये अशी अपेक्षा आहे, त्या प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचा. खुर्चीच्या पाठीवर, कपाटाच्या कपाळावर, टेबलाच्या पोटाखाली. एकदा एक शिपाई दुपारी बाकावर जरा जास्त वेळ झोपला, तर त्याच्याही चपलेवर नंबर पडला होता.

आता आईचा कार्यक्रम. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "नंबर सांगा" हे दोन शब्द तिने इतक्या वेळा उच्चारले होते, की घरात कुणी दारात येऊन उभं राहिलं तरी तिच्या तोंडी आधी तेच यायचं. अख्ख्या शहराने तिचा आवाज ऐकला, चेहरा मात्र कुणी पाहिला नाही. अकरा वर्षं रोज सकाळी तिच्याकडून लाईन घेणारा एक व्यापारी एकदा दुकानात तिच्या शेजारी उभा होता, आणि "बाई, जरा सरका" एवढंच म्हणाला. आवाज ऐकवला असता तर त्याने कदाचित नमस्कार केला असता, पण आई तोंडाने काही न बोलता सरकली. ते सरकणं तिच्या मनात राहिलं होतं.

म्हणून टीव्हीवाले जुन्या ऑपरेटर शोधत आले आणि तिच्याशी सहा मिनिटं बोलून गेले, तेव्हा आईने एक्स्चेंजमधल्या आपल्या चार मैत्रिणींना घरी बोलावलं. कार्यक्रम एकदाच लागणार होता, पुन्हा दाखवणार नव्हते. तिची एकच शंका होती.

"अरे, आपल्या टीव्हीत ती रेघ येते ना वरून खाली, ती माझ्या तोंडावरून जाईल का रे?"

"नाही जाणार," शेरेसाहेब म्हणाले. "मी आहे ना."

बायकोने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि गॅस बारीक केला. 'मी आहे ना' हे शब्द तिने यापूर्वी गिझरच्या वेळी ऐकले होते.

कार्यालयात काँप्युटर विभागाचे प्रमुख होते, ज्यांना सगळे पेंग्विन म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना त्यांना काँप्युटर चालवणाऱ्या मुक्त प्रणालीचा साक्षात्कार झाला होता. विकतची प्रणाली उखडून त्यांनी कार्यालयातल्या सगळ्या काँप्युटरांवर ही नवी घातली होती, आणि शेरेसाहेबांच्या घरच्याही. तिचं चिन्ह पेंग्विन. ते त्यांच्या कपावर होतं, चष्म्याच्या घरावर होतं, आणि चालताना थोडं त्यांच्यातही दिसायचं.

"टीव्ही कशाला हवाय?" पेंग्विन म्हणाले. ड्रॉवरमधून त्यांनी एक खोका काढला. "हे टीव्हीचं कार्ड. काँप्युटरात बसवायचं, मागे अँटेना लावायची, की काँप्युटरच टीव्ही. रेघबिघ काही नाही."

"आणि आपली प्रणाली फुकट आहे, नाही का?"

"फुकट नाही, मुक्त," पेंग्विन दुखावून म्हणाले. "म्हणजे बिघडली, तर ती स्वतः दुरुस्त करायला तुम्ही मोकळे."

शेरेसाहेबांना हे वाक्य फार भारदस्त वाटलं. ते त्यांनी घरी येऊन बायकोला ऐकवलं.

"ते ठीक आहे हो," ती म्हणाली. "आधी ते कार्ड चालू झालेलं बघू, मग टीव्ही काढू."

"असं करता येत नाही."

"का?"

"एकाच कामासाठी दोन वस्तू घरच्या वहीत कशा दाखवणार?"

"पण दाखवायच्यात कुणाला?"

लेखापरीक्षण न पाहिलेल्या माणसाकडे बघावं तसं शेरेसाहेबांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं आणि निर्लेखनाचा कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'दुरुस्तीपलीकडे' लिहिलं. टीव्ही समोर व्यवस्थित चालू होता आणि बातम्या सांगत होता. आईने मुकाट्याने सही केली, कारण दोन माणसांच्या बोलण्यात ऑपरेटरने मधे पडायचं नसतं. बायकोने सही केली, पण वर 'हरकत नोंदवून' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं तरी यायला लागलं होतं.

टीव्ही द्यायचा कुणाला, तर खालच्या मजल्यावरच्या तराजूकाकांना. हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकटेच राहत, आणि घरात टीव्ही घेण्यासारखं त्यात काही दाखवत नाहीत असं त्यांचं मत होतं. फुकट मिळतोय म्हटल्यावर मताला थोडी मुरड घालून ते न्यायला आले. जिन्यात वजन नेमकं किती भरेल यावर दोघांचं दुमत झालं, आणि त्या चर्चेत तिसऱ्या पायरीवर टीव्ही कोपऱ्यावर टेकला. टेकला हा शेरेसाहेबांचा शब्द. आवाज पार गच्चीपर्यंत गेला.

खाली नेऊन लावला, तर पडद्यावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ आणि बाकी अंधार. आवाज मात्र खणखणीत.

"चित्र गेलं की हो, काका," शेरेसाहेब म्हणाले.

"आवाज आहे ना? मग झालं. आजकाल बघण्यासारखं राहिलंय काय!"

शेरेसाहेब समाधानाने वर आले. कागदावर लिहिलेलं 'दुरुस्तीपलीकडे' आता अक्षरशः खरं होतं. नोंद आधी आणि घटना मागून, असं त्यांच्या खात्यात पुष्कळदा होतं, पण इतक्या लवकर प्रथमच झालं होतं.

मंगळवारी त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि खोका उघडला. आत कार्ड, विकतच्याच प्रणालीवर चालणारी एक निरुपयोगी तबकडी, आणि एक वीतभर बारीक तार, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे ठोकळे असलेली. तारेवर काही लिहिलेलं नव्हतं. जिच्यावर काही लिहिलेलं नाही ती वस्तू महत्त्वाची नसते, हे त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं, म्हणून ती त्यांनी बाजूला ठेवली. मग नवी वस्तू घरात आल्यावर जे पहिलं काम असतं ते केलं. पांढऱ्या ऑइलपेंटची डबी काढली आणि कार्डावर नंबर घातला. कार्ड सगळं काट्याकुट्यांचं, सपाट जागा एकच होती, मधोमध एक काळा चौकोनी ठोकळा. त्यावर आधीच काहीतरी बारीक खरडलेलं होतं. ते व्यवस्थित झाकलं जाईल असे दोन हात दिले आणि वर ठळक '१' काढला.

कार्ड बसलं. काँप्युटर सुरू झाला. प्रणालीने कार्डाकडे पाहिलं आणि नम्रपणे कळवलं, की आत कुणीतरी बसलंय हे जाणवतंय, पण ओळख पटत नाही. सोबतच्या यादीतून कार्डाचा नंबर आपणच सांगावा. यादीत एकशे पासष्ट कार्डं होती.

"बघ," शेरेसाहेब बायकोला म्हणाले, "विकतची प्रणाली असती तर स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवून मोकळी झाली असती. ही आपल्याला विचारते."

"मग सांगा तिला."

"विचारणा करतो."

जगभरातली ही मुक्त माणसं एका चर्चास्थळावर एकमेकांच्या अडचणी सोडवतात, असं पेंग्विनांनी सांगितलं होतं. तिथे शेरेसाहेबांनी रीतसर अर्ज केला. महोदय, विषय, संदर्भ, सोबत सहपत्रे दोन, आणि शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर'. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून पाच मिनिटांत उत्तर आलं, एका ओळीचं. कार्डाच्या मधल्या काळ्या चिपवर काय लिहिलंय?

शेरेसाहेबांनी काँप्युटर बंद केला, कार्ड काढलं, चष्मा लावला आणि प्रामाणिकपणे कळवलं: 'एक.'

पलीकडून आलं: तसली चिप जगात नाही.

"मोठे लोक दिसतायत," शेरेसाहेब म्हणाले, "पण त्यांनाही सगळं माहीत नाही." आणि त्यांनी एक दोनशे पानी वही घेऊन तिला रकाने पाडले. अनुक्रमांक, कार्ड नंबर, वेळ, निष्पत्ती, शेरा. एकपासून सुरुवात करायची आणि एकशे पासष्टपर्यंत जायचं, कुठेतरी तर लागेल. नंबर एक: काळा पडदा. नंबर दोन: काळा पडदा, किंचित उबदार. नंबर सतरा: निळा. नंबर तेवीस: हिरवा, आशादायक. नंबर एकतीसला काँप्युटर जागच्या जागी गोठला आणि शेऱ्यात 'मौन' अशी नोंद झाली. प्रत्येक निष्पत्तीचा कागद छापून फायलीला लावायचा होता. फायलीची दोरी संपली होती, तेव्हा त्यांना ती बारीक तार आठवली. दोन्ही टोकांचे ठोकळे कागदाच्या भोकातून जाईनात, म्हणून त्यांनी ते कापून टाकले. तार अशी छान बसली, की अशाच तारा कार्यालयातही मागवाव्यात असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बुधवारी तराजूकाका वर आले. हातात टेप आणि पाणसळ.

"दोष अँटेनाचा आहे. गच्चीवर जाऊन मोजून आलो. अडीच अंशांनी कललीय."

"काका, चित्र काळं आहे. कललेलं नाही."

"काळं आहे म्हणून कललेलं कळत नाहीये."

शेवटी अँटेना सरळ झाली. काका गच्चीवरून मोबाइलवर शेरेसाहेबांना फोन करून "आता? आता?" असं विचारत होते आणि बरोबर तीन मिनिटांनी फोन ठेवत होते. दर तीन मिनिटांना एका कॉलचे पैसे पडत, त्या जुन्या काळातली सवय. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोलत आणि वेळ झाली की वाक्याच्या मध्येच ठेवत. त्यांच्या कित्येक नातेवाइकांना अजून माहीत नाही की काका शेवटी काय म्हणणार होते.

बुधवारी रात्री जेवताना समजलं, की कार्डाच्या प्रत्येक नंबरासोबत आणखी एक पोटनंबर लागतो आणि ते सत्तर आहेत. शेरेसाहेबांनी पानाशेजारी गुणाकार केला. "रोज आठ तास धरले, तर चार महिन्यांत निश्चित होईल."

आई फक्त म्हणाली, "ट्रंककॉलला कळवू का, नको येऊ म्हणून?" ट्रंककॉल म्हणजे तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. लांबच्या लाईनी सांभाळून तिचा आवाज कायमचा मोठा झाला होता.

"मुळीच नाही," शेरेसाहेब म्हणाले. "हवं तर समोरच्यांकडे टीव्ही आहे, त्यांना..."

"मी दुसऱ्याच्या घरी माझंच तोंड बघायला जाणार नाही." एवढं बोलून आई उठली, आणि त्या रात्री पहिल्यांदाच शेरेसाहेबांनी ताटातलं काही शिल्लक ठेवलं.

गुरुवारी दुपारी चारला वही नंबर अठ्ठ्याण्णववर होती. निष्पत्ती: जांभळा. तेव्हा बायको कापसाचा बोळा आणि नखांचा रंग काढायची बाटली घेऊन आली.

"कार्ड काढा."

"मध्येच क्रम तोडून चालत नाही."

"अहो, तो माणूस विचारतोय, चिपवर काय लिहिलंय. चिपवर तुम्ही लिहिलंय. त्याला त्याच्या आधीचं हवंय."

तिने दोनदा बोळा फिरवला. '१' गेला आणि त्याखालून बारीक अक्षरं वर आली. चर्चास्थळावर ती टाकताच उत्तर आलं: कार्ड नंबर एकशे एकोणचाळीस, पोटनंबर अडतीस. पाच वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर एक बाई हवामान सांगताना दिसली. स्वच्छ, रंगीत, अंगावर एकही रेघ नसलेली.

"मी म्हटलं होतं," शेरेसाहेब म्हणाले.

बाईचे ओठ हलत होते. हात हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

त्यांनी पेंग्विनांना फोन लावला. "चित्र आलंय. आवाज नाही."

"ती तार जोडलीत ना? कार्डापासून साउंडकार्डापर्यंत. खोक्यात असते बघा, बारीक, दोन्हीकडे ठोकळे."

शेरेसाहेबांनी टेबलावरच्या फायलीकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव कागद एका सुबक गाठीत बसले होते.

"ठोकळे लागतातच का?" त्यांनी विचारलं.

पेंग्विनांनी फोन ठेवला. प्रणाली मुक्त असली तरी माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असतात.

सव्वापाचला मैत्रिणी आल्या. नंबर घातलेल्या खुर्च्यांवर बसल्या. आई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट करून मधल्या खुर्चीवर येऊन बसली. पडद्यावरची मुकी बाई अजून हवामान सांगत होती.

"आवाज वाढव की रे!" ट्रंककॉल मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजाने खिडकीची काच थरथरली.

शेरेसाहेब उभे राहिले. सात महिने उभं राहण्याचा अनुभव होता, पण ही पाच मिनिटं जड गेली. "आई," ते म्हणाले, "चित्र पूर्ण तयार आहे. आवाजाबाबत... प्रस्ताव प्रलंबित आहे."

आईने पडद्याकडे पाहिलं. मग फायलीच्या गाठीकडे. मग मुलाकडे.

"एकतीस वर्षं नुसता आवाज," ती म्हणाली. "आता नुसतं तोंड."

बायकोने फायलीवरची वही हळूच उलटी ठेवली.

"खालच्यांकडे आवाज आहे ना रे?" आईने एकदम विचारलं.

"आहे. रेघ आणि आवाज."

"मग अडलंय कुठे? लाईन जोडायचीय एवढंच." तिने फोन मांडीवर ओढला, स्पीकरचं बटण दाबलं आणि नंबर फिरवला. पाठ सरळ झाली, मान किंचित तिरकी. चारही मैत्रिणी आपोआप ताठ बसल्या. "हॅलो, तराजूकाका? वरून बोलतेय. टीव्ही लावा, रिसीव्हर टीव्हीसमोर धरा. बोलू नका. धन्यवाद."

साडेपाच वाजले. फोनमधून संगीत वाजलं आणि दोन क्षणांनी पडद्यावर अक्षरं आली. काँप्युटर चित्र आधी स्वतः पाहून मग दाखवायचा, त्यामुळे ते जरा मागे होतं. फोनमधली आई म्हणाली, "नमस्कार," आणि पडद्यावरच्या आईने नंतर सावकाश तोंड उघडलं.

"अगं, आपल्याकडे लांबच्या कॉलला असंच व्हायचं!" ट्रंककॉल मावशी ओरडल्या, आणि सगळ्याजणी अशा हसल्या की आईलाही हसू आवरेना. रेघ कुठेच नव्हती. आईचा चेहरा पडदाभर होता. शेरेसाहेबांनी तो इतका मोठा कधी पाहिला नव्हता. डाव्या कानावर हेडफोनचा जुना, फिकट वण होता, तोही त्यांना आजच दिसला. तो वहीत लिहावा असं त्यांना वाटलं नाही.

बरोबर तीन मिनिटांनी फोन बंद झाला.

"कॉल संपला त्यांचा!" बायको ओरडली. आईने पुन्हा नंबर फिरवला. जिन्यातून खालची घंटा ऐकू येत होती. वाजत राहिली. मग खालून, बंद दारामागून, काकांचा आवाज आला. "कार्यक्रम चालू असताना मी फोन उचलत नाही!"

शेरेसाहेब दाराकडे धावले.

"बस," आई म्हणाली. "मी आहे ना."

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या मुलीने काहीतरी विचारलं. आई पुढे सरकली, पडद्यावरच्या आपल्या ओठांवर नजर लावली आणि बोलू लागली. "तेव्हा एका वेळी बारा लाईनी असायच्या..." शब्द आणि ओठ एकत्र पडले. अठ्ठ्याण्णव नंबरांना जे जमलं नव्हतं ते जमलं. मैत्रिणी श्वास रोखून ऐकत होत्या. व्यापाऱ्याचा किस्सा झाला, "बाई, जरा सरका" झालं, आणि यावेळी त्यावर सगळ्याजणी त्याला मनसोक्त बोलल्या. शेवटी मुलीने हसत काहीतरी विचारलं. पडद्यावरची आईही हसली. खोलीतली आई क्षणभर थांबली.

"ती विचारतेय, आता घरात सगळं जोडून कोण देतं," तिने सांगितलं. "मी म्हटलं, मुलगा. सगळं मुलगाच बघतो."

टाळ्या पडल्या. शेरेसाहेबांनी मान खाली घालून त्या नम्रपणे स्वीकारल्या. ट्रंककॉल मावशींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, ती शर्टावर उमटली असती तर नंबर घालायची गरज पडली नसती.

तेवढ्यात दार ढकलून तराजूकाका आत आले. डोळे पुसत होते.

"वा वहिनी, वा! काय बोललात शेवटी! 'सगळं सून करते, मुलगा नोंद ठेवतो!' खाली एकटाच हसत बसलो होतो हो."

आई फोनची वायर गुंडाळू लागली. बायको एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागली आणि तिचे खांदे हलू लागले.

शेरेसाहेब डगमगले नाहीत. ते टेबलाशी गेले, वही सरळ केली, कार्ड नंबर एकशे एकोणचाळीससमोर निष्पत्तीच्या रकान्यात 'चित्र: उत्तम' असं लिहिलं आणि मग थोडा विचार करून शेरा लिहिला: 'आवाजाच्या दोन प्रती प्राप्त झाल्या. एक खालच्या मजल्यावरून, एक घरातून. दोहोंत तफावत आढळते. घरातली प्रत ग्राह्य धरावी.'

वही त्यांनी बायकोपुढे धरली. तिने पेन घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि खाली एकच शब्द लिहून सही केली.

'पाहिले.'